हरळीवरचा खेळ

गोल्फ क्लबांचे इतिहास बहुतेक वेळा एका फळीवरून लिहिले जातात. क्लबघराच्या दिवाणखान्यात शिसवी फळी टांगलेली असते आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत ओळीने साल आणि कॅप्टनचं नाव. त्या फळीला धरून कोणी हौशी सभासद शताब्दीच्या वर्षी एक पुस्तिका काढतो. पहिला चषक कोणी दिला, कोनशिला कोणी बसवली, कोणता लाटसाहेब कधी खेळून गेला. नाशिकच्या गोल्फ क्लबाची गोष्ट मात्र अशी सांगता येत नाही. क्लब गेला, साहेब गेले, खेळ गेला. उरलं ते मैदान. म्हणून इथे मैदानापासूनच सुरुवात करावी लागते. माती कोणती, गवत कोणतं, पाणी कुठून, राबलं कोण. मला स्वतःला इतिहासाची हीच बाजू जास्त जवळची वाटते.

नाशिककरांना पत्ता सांगायची गरज नाही. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, त्र्यंबक नाका ओलांडून त्र्यंबक रोडला लागलं की ईदगाह, शासकीय विश्रामगृह, जिल्हा रुग्णालय आणि या सगळ्यांच्या शेजारात गोल्फ क्लब मैदान. सरकारी कागदावर ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. माझ्या पिढीतली अर्धीअधिक मुलं इथेच सायकल शिकली. वडील मागून कॅरिअर धरून पळायचे आणि आपल्याला न सांगता सोडून द्यायचे. पुढे मुरमावर गुडघे फुटायचे. इथे कधी काळी गोल्फ खेळत होते हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं, कारण गोल्फ म्हणजे काय हेच आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

पण खेळत होते, आणि चांगल्या तोलामोलाचा क्लब होता. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब हे त्याचं पूर्ण नाव. नावात 'रॉयल' लावायची मुभा राजघराण्याकडून मिळावी लागते, ती सरसकट कोणालाही मिळत नसे. हिंदुस्थानात अशी मुभा मिळालेले क्लब बोटांवर मोजण्याइतके. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. मुंबईचा १८४२ सालचा. त्या पंगतीत नाशिकसारखं गोदाकाठचं क्षेत्राचं गाव बसावं, याचं कोडं मला बरीच वर्षं होतं. त्याचं उत्तर बरंचसं रेल्वेत आणि पावसात सापडतं.

मुंबईत गोल्फ खेळायचा म्हणजे कोटाबाहेरच्या एस्प्लनेडच्या मोकळ्या पट्ट्यावर. तिथेच कवायती, तिथेच क्रिकेट, तिथेच घोडे आणि हवा खायला आलेली माणसं. जून ते सप्टेंबर चिखल, एप्रिल-मे घामाच्या धारा. गोल्फला जागा लागते ती हातचं राखून लागत नाही. भोक म्हणजे काठीने मारत मारत चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा, आणि तिथवरच्या टप्प्यालाही भोकच म्हणतात. अठरा भोकांचं पुरं मैदान करायचं तर १०० एकरांच्या वर जमीन हवी. वाढत्या मुंबईत ती कोण देणार? इकडे १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि कसारा-इगतपुरी ओलांडून नाशिक रोड हे मुंबईहून १८८ किलोमीटरवरचं, एका रात्रीचं ठिकाण झालं. नाशिक रोड ते गाव हे अंतर तोडायला १८८९ पासून घोड्यांची ट्राम आली. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांची उंची, कोरडी हवा, दिवाळीनंतर पहाटे दात वाजतील अशी थंडी. इगतपुरीला पाऊस अक्षरशः कोसळतो, पण तेच ढग नाशिकला येईपर्यंत निम्म्याहून अधिक रिकामे झालेले असतात. पावसाळ्यानंतर जमीन लवकर वाळते आणि गवत मात्र हिरवं राहतं. खेळाला याहून काय हवं!

जवळच देवळालीची लष्करी छावणी होती. विलायतेहून आलेल्या आणि विलायतेला परतणाऱ्या पलटणींचा तिथे मुक्काम पडे. गावाच्या बाहेर पश्चिमेला सिव्हिल स्टेशन होतं. तिथे कलेक्टर, जज्ज, पोलिस सुपरिंटेंडेंट, सिव्हिल सर्जन, कार्यकारी अभियंता यांची वस्ती. शरणपूरला १८५४ पासून मिशनची वसाहत होती. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा मिळाला आणि त्यांतलेच काही जण पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत सामील झाले. (त्यावर खरं म्हणजे वेगळा लेख लिहायला हवा.) नाशिक रोडला १९२५ च्या सुमारास सरकारी छापखाना उभा राहिला, तिथे तिकिटं आणि पुढे नोटा छापायला लागल्या. तिथलेही साहेब आले. असं सगळं मिळून मोफसलातल्या, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या मुलखातल्या, एका गोल्फ क्लबाला पुरेल इतकी माणसं जमत. त्यांत स्कॉटिश बरेच असत. डॉक्टर, इंजिनिअर आणि व्यापारी म्हणून हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्यांत स्कॉटलंडचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठा होता आणि हा खेळ त्यांचाच.

पण ही सगळी माणसं बदलीची. कलेक्टर दोन-तीन वर्षांनी धारवाडला नाहीतर सुरतेला जाणार, पलटण पुढच्या हंगामात पेशावरला. फळीवर नाव येईपर्यंत माणूस गाव सोडून गेलेला असायचा. क्लबात वर्षानुवर्षं टिकून असायचे ते माळी, भिस्ती, चौकीदार, खानसामा आणि खेळाच्या पिशव्या वाहणारी पोरं, म्हणजे कॅडी. कोणत्या उतारावर पाणी साचतं, कोणत्या कोपऱ्यात साप निघतो, कोणत्या महिन्यात कुसळ पिकतं, हे नव्या साहेबाला तेच सांगणार. क्लब म्हणजे सातत्य असं धरलं तर मोफसलातला क्लब त्यांचाच होता, असं मला ठामपणे वाटतं. त्यांची नावं मात्र कुठल्याही फळीवर नाहीत.

त्यांचं काम काय असायचं, ते जरा जवळून पाहू.

आज लाकडी किंवा प्लास्टिकची 'टी', म्हणजे चेंडू उचलून धरणारी खुंटी, पिशवीत मूठभर मिळते. ती अशी घरोघरी झाली १९२० च्या दशकात. त्याआधी प्रत्येक भोकाच्या सुरुवातीला वाळूची पेटी आणि पाण्याची बादली ठेवलेली असे. कॅडी पोरगं खाली बसायचं, चिमूट-दोन चिमूट वाळू ओली करायचं, तीन बोटांत दाबून तिचा इवलासा सुळका करायचं आणि त्याच्या टोकावर चेंडू ठेवायचं. सुळका फार ओला झाला तर चेंडूला चिखल चिकटतो, कोरडा राहिला तर साहेब काठी उगारेपर्यंत ढासळतो. शिवाय प्रत्येक साहेबाची उंची वेगळी. कुणाला अर्धा इंच, कुणाला जमिनीलगत. ते पोराच्या बोटांत बसलेलं असायचं. एका फेरीत हे अठरा वेळा करायचं, तेही प्रत्येक खेळाडूसाठी. हा ओल्या वाळूचा सुळका एका फटक्यात उडून जाई आणि पोरगं पिशवी उचलून पुढे पळे.

त्याच्याही पुढे पळणारा एक असे, त्याला 'आगेवाला' म्हणत. हा शब्द हिंदुस्थानातल्या गोल्फ मैदानांवर अजून चालतो. फटका बसण्याआधीच तो शे-दोनशे यार्ड पुढे जाऊन उभा राहायचा आणि चेंडू कुठे पडतो ते हेरायचा. स्कॉटलंडच्या हिरवळीवर चेंडू शोधणं एक आणि दख्खनच्या माळावर शोधणं वेगळं. इथे निवडुंग, इथे नाल्याचे ओघळ, आणि काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या हातभर भेगा! चेंडू भेगेत गेला की संपलं. चेंडू महाग, विलायतेहून बोटीने आलेला. तो हरवला तर बोलणी आगेवाल्याला.

त्या चेंडूचीही एक कहाणी आहे. सुरुवातीचे चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून केलेले असत. ओले झाले की फुगून फाटत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू आले. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. तो गरम पाण्यात मऊ होतो, हाताने गोल वळता येतो आणि थंड झाला की टणक होतो. चेंडूला चीर गेली तर पुन्हा उकळत्या पाण्यात टाकायचा, पुन्हा वळायचा. गंमत अशी, की गुळगुळीत नवा चेंडू हवेत नीट तरंगत नसे, गोते खाई. चार फेऱ्या खेळून चरे पडले की सरळ जाई. ते आधी खेळणाऱ्यांच्या आणि चेंडू वाहणाऱ्यांच्या ध्यानात आलं, मग कारागिरांनी नव्या चेंडूवरच हातोडीने खाचा पाडायला सुरुवात केली. आजच्या चेंडूवरचे खळगे ही त्याचीच पुढची पायरी. १८९८ साली हॅस्केल नावाच्या अमेरिकन माणसाने रबराचा धागा गुंडाळलेला चेंडू काढला आणि गटापर्चाचे दिवस भरले.

या सगळ्यापेक्षा मला जास्त ओढ आहे ती गवताची.

निफाडकडे आमच्या मामांची शेती. तिथे लहानपणी सगळ्यात जास्त शिव्या मी कुणाला ऐकल्या असतील तर हरळीला. हरळी शेतात शिरली की माणूस हैराण होतो. वरून खुरपली तरी खाली काड्यांचं जाळं तसंच राहतं, एक पेर राहिलं तरी पुन्हा फुटते. मामा म्हणायचे, हरळी खणायची तर कंबरभर खणावी. आणि तेच मामा गणेश चतुर्थीला बांधावर जाऊन त्याच हरळीच्या कोवळ्या तीन-तीन पानांच्या दूर्वा निवडून जुड्या बांधायचे. एकवीस दूर्वांची एक जुडी, दोरा हळदीत बुडवलेला. शेतातली शत्रू ती देव्हाऱ्यात मानाची, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

हीच हरळी, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, जगभरच्या उष्ण प्रदेशांत 'बर्म्युडा ग्रास' म्हणून गोल्फ मैदानांवर लावतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रात तिचा आफ्रिकेतल्या एका भाऊबंद गवताशी संकर केला आणि १९५० आणि १९६० च्या दशकांत त्यातून जे वाण निघाले, त्यांवर आज लाखो डॉलरच्या स्पर्धा खेळल्या जातात. हरळी तुडवली की मरत नाही, उलट आडवी पसरते. उन्हात वरून करपते, पण एका सरीने उठून बसते. मुळं खोल असल्यामुळे पाण्याशिवाय तग धरते. शेतकऱ्याला जे गुण छळतात तेच मैदानाला हवे असतात. साहेबांना इथे वेगळं गवत पेरायची गरज नव्हती. पावसाळ्यानंतर कुसळी आणि पवन्या कापून काढायचं, ढोरं फिरवायची, की खालून हरळीचा गालिचा वर येतो. हे ज्ञान कुठल्या विलायती पुस्तकातलं नव्हे. इथल्या माणसाला ते पिढ्यान् पिढ्या माहीत होतं.

मात्र भोकाभोवतीचा तो गुळगुळीत तुकडा, ज्याला 'ग्रीन' म्हणतात, तो दख्खनच्या उन्हात हिरवा ठेवायचा तर रोज पाणी पाहिजे. ते कुठून आणणार? म्हणून इकडच्या कोरड्या मुलखातल्या मैदानांवर 'ब्राऊन' करत. जमीन ठोकून घट्ट करायची, त्यावर वाळू पसरायची, वाऱ्याने उडू नये म्हणून त्या वाळूत तेल मिसळायचं. मधोमध भोक, व्यास सव्वाचार इंच; हे माप १८९१ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने ठरवून दिलं आणि जगभर ते तसंच आहे. एक जोडी खेळून गेली की पोरगं लांब दांड्याची फळी किंवा तरटाचा तुकडा ओढून पायांचे ठसे पुसायचं, तेव्हा पुढच्या जोडीला ब्राऊन कोरा मिळायचा. बाकीचं सारं मैदान पावसावर. आजच्या गोल्फ मैदानांना रोज लाखो लिटर पाणी लागतं आणि त्यावरून वाद होतात ते रास्तच आहेत. त्या जुन्या कोरडवाहू मैदानाचा मला या बाबतीत आदर वाटतो. त्याने गोदावरीवर भार टाकला नाही; पाऊस जे देईल त्यात भागवलं.

आता जे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं तिकडे येतो.

सेंट अँड्र्यूज हे स्कॉटलंडमधलं समुद्रकाठचं छोटं गाव गोल्फचं माहेर मानलं जातं. आपल्याला वाटतं, तिथे तर उमरावांचीच मिरास असणार. पण तिथली जमीन मुळात गावाची. वाळूच्या टेकड्यांचा तो पट्टा शेतीला निरुपयोगी, म्हणून गावाने मोकळा ठेवलेला. त्यावर मेंढरं चरत, ससे बागडत आणि गवत त्यांच्याच दातांनी आखूड राही. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी तिथे ससे पाळायची परवानगी घेतली, तेव्हा सनदेत लिहून दिलं की या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल आणि नेमबाजी खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहील. अठरा भोकांचा शिरस्ता १७६४ साली इथेच पडला. आजही ती जमीन सार्वजनिक आहे, एक विश्वस्त संस्था तिचा कारभार पाहते. आणि रविवारी तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. वर्षातल्या मोजक्या स्पर्धा सोडल्या तर दर रविवारी गावची माणसं कुत्री घेऊन, पोरं घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर फिरायला येतात. कोणी अडवत नाही.

म्हणजे गोल्फ जन्मला तो गायरानावर. आपल्याकडे गावाच्या सातबाऱ्यात जसं गायरान असतं, तसंच.

तोच खेळ बोटीत बसून इकडे आला तेव्हा त्याने गावकीचा हक्क मात्र बरोबर आणला नाही. मोफसलात क्लबाला जमीन मिळे ती बहुधा सरकारकडून, नाममात्र भाड्याने. जिथे आदल्या वर्षापर्यंत ढोरं चरत होती अशी पडीक किंवा गायरान. मग तिथे खांब रोवले जायचे आणि गुराखी एका बाजूला व्हायचा. क्लबांची दारं हिंदी माणसाला बंद होती. वकील असो, इनामदार असो, आयसीएस झालेला असो, बाहेरच. मुंबईत विलिंग्डन क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघाला, तो हिंदी आणि युरोपियन दोघांना सभासद करून घ्यायचं ठरवून, आणि त्याचा तेव्हा केवढा गाजावाजा झाला! एका क्लबाने माणसांना आत घेतलं ही बातमी व्हावी, यावरून बाकीचे कसे होते ते समजतं. गोल्फच्या मैदानावर हिंदी माणूस दिसायचा तो फक्त पिशवी खांद्यावर घेतलेला.

आणि याच गावात, याच काळात, २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आली. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती. किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा'चा प्रयोग विजयानंद थिएटरात लागला होता आणि जॅक्सन त्याला आले होते. अनंत लक्ष्मण कान्हेरे या मुलाने तिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वय अठराच्या आसपास, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातला, शिकायला औरंगाबादेत. त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि नाशिकच्या तरुणांत त्याची आग होती. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, 'पंडित जॅक्सन' म्हणून लोक ओळखत. त्यांनी गोळा केलेली लोककथा-लोकरूढींची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि ती आजही अभ्यासकांच्या कामाची आहेत. हे सांगितल्याने कान्हेरेंचं मोल कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत आणि गावाने दोन्ही लक्षात ठेवाव्यात. पण मैदानाला नाव देताना गावाने त्या अठरा वर्षांच्या मुलाचं दिलं, ते योग्यच केलं. ज्या मैदानावर राज्यकर्ते संध्याकाळी विरंगुळ्याला येत, जिथे गावच्या माणसाला पिशवी वाहिल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, तिथल्या फाटकावर त्याचं नाव असावं, यात मला न्याय दिसतो.

पिशवी वाहणाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. देश स्वतंत्र झाला तेव्हा मोठ्या शहरांतले क्लब राहिले, लष्करी छावण्यांतले राहिले. लहान गावांतले बरेच मिटले. जे राहिले तिथे कॅडींची आणि माळ्यांची मुलं साहेब गेल्यावर रिकाम्या मैदानावर, मोडक्या काठ्यांनी खेळत राहिली. १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा पहिल्यांदा भारतीय व्यावसायिक खेळाडूने जिंकली, तो अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबातला कॅडी. शिव शंकर प्रसाद चौरसिया याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात मैदान राखायचे. त्या मुलाने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली आणि पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. ही नावं मी जरा अभिमानानेच लिहितो. ज्याच्या बापाने गवत कापलं त्याच्या पोराने तशाच गवतावर करंडक उचलला. नाशिकचा क्लब टिकला असता तर आपल्याकडूनही असं कोणी निघालं असतं असं कधी कधी मनात येतं. पण मग मैदान कुंपणातच राहिलं असतं, हेही लगेच जाणवतं.

कारण आता तिथे काय काय होतं ते पाहा. पहाटे पाचपासून चालणारे येतात. गुडघे बदललेल्या आजी, मधुमेहवाले काका, नव्याने धावायला लागलेल्या मुली. फाटकाबाहेर दुधी-कारल्याचा रस विकणारे. पोलीस भरतीची तयारी करणारी पेठ-सुरगाण्याकडची पोरं बूट हातात घेऊन येतात, कारण बूट चांगले ठेवायचे असतात, आणि अनवाणी फेऱ्या मारतात. मधल्या पट्ट्यावर क्रिकेट. रणजी करंडकाचे सामने इथे होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र विरुद्ध बडोदा इथेच झाला, आणि नाशिककर हातातली कामं टाकून चार दिवस मांडवात बसले. निवडणुकीच्या सभा होतात. डोंगराकडून आदिवासींचे मोर्चे येतात आणि कधी कधी मैदानावरच मुक्काम ठोकतात. तीन दगडांच्या चुली पेटतात, भाकरी थापल्या जातात. काही लोक यावर नाक मुरडतात. गवत खराब होतं म्हणतात. मला तसं वाटत नाही. हरळी आहे ती, चुलीखालची जागा काळी पडली तरी पुढच्या पावसात भरून येते. जमिनीचा हक्क मागायला आलेल्या माणसांनी या जमिनीवर चूल मांडावी, याहून चांगला तिचा उपयोग मला सुचत नाही.

सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांना रविवारी जे मिळतं ते नाशिककरांना इथे रोज मिळतं. गोल्फ असताना हे मैदान त्या मूळ गायरानापासून फार लांब गेलं होतं. गोल्फ गेल्यावर ते तिथे परत पोचलं. म्हणून त्याच्याकडे 'मोकळी पडलेली जागा' म्हणून पाहणाऱ्यांची मला भीती वाटते. जुन्या क्लबाला लागलेल्या विस्ताराच्या मानाने आज उरलेला हा तुकडा आहे. त्या तुकड्यातही दर काही वर्षांनी काहीतरी बांधायची टूम निघते. मग एखादा दालनाचा आराखडा, पार्किंग, फरसबंदी. फरशी घातली की पाणी मुरत नाही, हरळी मरते, अनवाणी पळता येत नाही. शहरं वाढतात तशी देवळं, शाळा, दवाखाने बांधता येतात, पण मध्यवस्तीत एकदा गेलेलं मैदान पुन्हा आणता येत नाही. नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची लगबग चालू आहे, रस्ते रुंद होताहेत, झाडं तोडली जाताहेत. अशा धामधुमीत मैदानांवर पहिला डोळा जातो. म्हणून हे आत्ताच लिहितो आहे.

एक छोटी मागणी मात्र जरूर आहे. मैदानाच्या फाटकाशी एक मराठी फलक असावा. अनंत कान्हेरे यांच्याबद्दल तर असावाच, सविस्तर, शाळकरी मुलांना वाचून कळेल असा. त्यासोबत चार ओळी या जमिनीबद्दल. आधी इथे गुरं चरत, मग रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब होता, आता ही सर्वांची आहे. आणि ज्या घरांतले पणजोबा-खापरपणजोबा क्लबात माळी, भिस्ती, कॅडी, आगेवाले, खानसामे म्हणून कामाला होते, त्या घरांनी ट्रंका उघडाव्यात. पगाराची चिठ्ठी असेल, एखाद्या साहेबाने दिलेलं शिफारसपत्र असेल, हिकरीच्या लाकडाची मोडकी काठी माळ्यावर पडलेली असेल, लिंबाएवढा चरे पडलेला चेंडू असेल. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कोणत्या विहिरीवरून आणत, दिवसाला किती आणे मिळत, पावसाळ्यात काम बंद झालं की काय करत. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि सार्वजनिक वाचनालयात एक प्रत नेऊन द्या.